ड्रममधलं दही: खत पाण्यात विरघळतं म्हणजे नेमकं काय होतं

मोर्शीकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. चार एकर संत्रा, ठिबकवर, पाणी बोअरचं. त्यांनी दोनशे लिटरच्या ड्रममध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि 12:61:00 (मोनो अमोनियम फॉस्फेट) ही खतं एकत्र टाकली, तर पाहता पाहता ड्रमात पांढऱ्या गाळाचं दही झालं. मजूर थांबलेला, लाइट जायची वेळ झालेली, म्हणून तसंच व्हेंच्युरीतून, म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या तोटीतून सोडलं. आता निम्म्या झाडांचे ड्रिपर बंद आहेत. डीएपी (डाय अमोनियम फॉस्फेट) भिजवलं तरी तळाला गाळ राहतोच. दुकानदार म्हणतो, माल डुप्लिकेट असेल. त्या विचारतात, "पोत्यावर तर शंभर टक्के विद्राव्य लिहिलं आहे, मग विरघळलं का नाही? आणि विरघळणं म्हणजे होतं तरी काय?"

ताई, माल डुप्लिकेट असता तर कदाचित दही झालंच नसतं. दोन्ही खतं पाण्यात पूर्ण विरघळली, म्हणून ते दही झालं. हे वाक्य उलटं वाटेल, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. मी तीस वर्षं वरूड भागात कृषी केंद्र चालवलं, स्वतःचा संत्र्याचा बगीचा आहे, आणि अशी दह्याची ड्रमं मी इतकी पाहिली की आता झाकण उघडायच्या आधीच विचारतो, कॅल्शियम कशासोबत टाकलं?

आधी विरघळण्याचं बघू. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागतात तसं पाणी मिठाच्या खड्याला लागतं. पाण्याचा एकेक कण वाकडा असतो, मध्ये ऑक्सिजन आणि दोन बाजूंना हायड्रोजन. ऑक्सिजनकडचा भाग थोडा ऋण, हायड्रोजनकडचा थोडा धन. मिठाचा खडा म्हणजे धन सोडियम आणि ऋण क्लोराइड यांची घट्ट रचलेली भिंत. पाण्याचे कण सोडियमला ऑक्सिजनच्या तोंडाने धरतात, क्लोराइडला हायड्रोजनच्या तोंडाने, आणि भिंतीतून एकेक वीट उपसून नेतात. नेलेल्या प्रत्येक विटेभोवती पाण्याच्या कणांचा घोळका राहतो, त्यामुळे ती परत दुसरीला चिकटत नाही. मीठ नाहीसं होत नाही, पांगतं. चव सगळीकडे सारखी लागते ती त्यामुळे. साखर, गूळ, युरिया यांच्यात असे धन-ऋण तुकडे होत नाहीत, त्यांचे कण अख्खेच उचलले जातात, पण धरायची रीत तीच.

तेलाच्या कणाला धन-ऋण टोकं नाहीत, म्हणून पाण्याला धरायला काही सापडत नाही. 2015 पासून आपल्याकडे सगळा युरिया निमकोटेड येतो, तो भिजवला की वर जरासा तवंग दिसतो. पुष्कळ जण घाबरून पोतं परत आणतात. तो निंबोळीच्या तेलाचा आहे, युरिया खाली मुकाट विरघळलेला असतो.

आता एक गोष्ट जी शाळेत शिकवतात पण शेतावर कुणी वापरत नाही: किती लवकर विरघळतं आणि किती विरघळतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ढवळणं, खडा फोडणं, बारीक करणं यांनी फक्त वेग वाढतो. मर्यादा तीच राहते. मुंगळे ठरावीक आहेत, ते सगळे कामाला लागले की उरलेली ढेप तशीच राहणार. पाणी तृप्त झालं म्हणतात ते हेच.

आकड्यांत सांगतो, कारण फसगत आकड्यांतच होते. 20 अंश तापमानाला 100 लिटर पाण्यात युरिया 100 किलोच्याही वर मावतो. साधं मीठ 36 किलो. 12:61:00 साधारण 37 किलो. 13:00:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट 31 किलोच्या आसपास. आणि 00:00:50, म्हणजे पोटॅशियम सल्फेट, फक्त 11 किलो. म्हणजे दोनशे लिटरच्या ड्रममध्ये 00:00:50 चं पंचवीस किलोचं एक पोतंसुद्धा पूर्ण विरघळणार नाही, दिवसभर ढवळा. त्यात सोबत 13:00:45 टाकलंत तर आणखी कमी विरघळेल, कारण दोन्हींत पोटॅशियमच आहे आणि पाण्यात त्याची जागा आधीच भरलेली असते. पोत्यावर 'विद्राव्य' लिहिलेलं खोटं नसतं. किती पाण्यात, ते मोठ्या अक्षरात नसतं एवढंच.

तापमानाचं मात्र नीट ऐका. एका जानेवारीत मी 13:00:45 ची पंचवीस-पंचवीस किलोची दोन पोती दोनशे लिटरच्या काळ्या ड्रममध्ये टाकली. टाकल्या टाकल्या ड्रमला बाहेरून दव सुटल्यासारखं झालं, हात घातला तर बर्फ, आणि निम्मं खत तळाला तसंच. दिवसभर उन्हात ठेवून मधून मधून ढवळत राहिलो, संध्याकाळपर्यंत पाणी साफ झालं. लाइट रात्री येणार होती, ती आलीच नाही. सकाळी झाकण काढलं तर तळाशी आणि काठाला लांब, पारदर्शक सुयांचा थर. बायको म्हणाली, "साखर केली काय रात्रीतून?" झालं होतं इतकंच की 20 अंशाला 100 लिटरमध्ये 31 किलो धरणारं पाणी 10 अंशाला 21 किलोच धरतं. दोनशे लिटरच्या हिशेबाने माझं सात-आठ किलो खत रात्रीच्या थंडीने पाण्याबाहेर काढून ठेवलं. फिल्टरमध्ये त्या सुया अडकल्या की डिस्क धुता धुता नाकी नऊ येतात. मिठाचं असं होत नाही, उकळत्या पाण्यातही ते 39 किलोपर्यंतच जातं. चुन्याचं तर उलटंच, गार पाण्यात जास्त आणि गरम पाण्यात कमी विरघळतो. एकाच नियमाने सगळ्यांना हाकता येत नाही.

पाणी गार का झालं? भिंतीतून विटा उपसायला उष्णता लागते. विटांभोवती घोळका जमला की थोडी उष्णता परत मिळते. खर्च जास्त आणि मिळकत कमी असली की तूट पाण्यातून भरली जाते आणि पाणी गारठतं. युरियाचं, 13:00:45 चं असंच आहे. 100 लिटरमध्ये युरियाचं एक 45 किलोचं पोतं टाकाल तर पाणी पंधरा-वीस अंशांनीही उतरू शकतं. गार पाणी म्हणजे आणखी सावकाश विरघळणं. म्हणून अशी खतं सकाळच्या थंडीत न भिजवता दुपारी भिजवावीत, आणि सगळं पोतं एकदम उपडं करू नये. आणखी एक: ड्रम काठोकाठ भरून मग खत टाकू नका. विरघळलेला माल जागा घेतो. 45 किलो युरियाने पाणी तीस लिटरच्या वर चढतं. आधी पाऊण ड्रम पाणी, मग खत, मग वरून भर.

आता तुमचं दही.

कॅल्शियम नायट्रेट विरघळलं तेव्हा पाण्यात कॅल्शियम मोकळं फिरू लागलं. 12:61:00 विरघळलं तेव्हा फॉस्फेट मोकळं झालं. या दोघांचं एकमेकांवर असं प्रेम आहे की पाण्याचा घोळका त्यांना दूर ठेवू शकत नाही. ते एकत्र येऊन कॅल्शियम फॉस्फेट होतात, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. आपली हाडं ज्याची असतात त्याचाच हा भाऊबंद. पाऊस पडला म्हणून हाडं विरघळत नाहीत, हे चांगलंच आहे, पण ड्रिपरच्या बारीक वाटेत हाड तयार झालं तर काय होणार! दोन्ही खतं अर्धवट विरघळली असती तर दही कमी झालं असतं. पहिल्या वाक्यात मी तेच म्हणालो होतो.

कॅल्शियमची दुसरी खोड सल्फेटशी. मॅग्नेशियम सल्फेट, अमोनियम सल्फेट, 00:00:50 यांतलं काहीही कॅल्शियम नायट्रेटच्या घट्ट द्रावणात टाकलं की जिप्सम बनतं. जिप्सम लिटरला दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं. झिंक सल्फेट आणि फॉस्फेट यांचंही पटत नाही, झिंक फॉस्फेट होऊन बसतं. चिलेटेड झिंक महाग असतं ते याच कारणाने: झिंकला चारही बाजूंनी एक पिंजरा घातलेला असतो, त्यामुळे फॉस्फेटच्या हाती तो लागत नाही.

डीएपीचा गाळ मात्र वेगळ्या घरचा आहे. डीएपी स्वतः चांगलं विरघळतं, 12:61:00 पेक्षाही जास्त. पण दाणेदार डीएपी जमिनीत टाकायला बनवलेलं असतं. रॉक फॉस्फेटमधून आलेली लोह-ॲल्युमिनियमची न विरघळणारी भेसळ, दाण्यावरचं आवरण, हे सगळं त्यात राहतं आणि तळाला बसतं. त्यात तुमचं बोअरचं पाणी जड. डीएपीचं द्रावण किंचित अल्कधर्मी असतं, तेव्हा पाण्यातलंच कॅल्शियम त्यातल्या फॉस्फेटला धरून पांढरी गढूळी करतं. 12:61:00 आम्लधर्मी असल्याने एकटं टाकलं तर त्याच पाण्यात साफ राहतं. म्हणून डीएपी ठिबकातून नको, बुंध्याला द्या. सिंगल सुपर फॉस्फेटचं तर बोलूच नका, त्यात मुळातच जिप्सम असतं, ते विरघळायची वाट पाहत बसलात तर दुसरा बहार येईल.

जड पाणी म्हणजे काय, हेही याच धाग्यात येतं. पावसाचं पाणी जमिनीत शिरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पिऊन जरा आंबट होतं. आपल्या काळ्या मातीखाली चुनखडीचे खडे असतात, ते आंबट पाण्यात बायकार्बोनेट होऊन विरघळतात. बोअरचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण पोटात चुना घेऊन येतं. त्याच पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. उन्हाने तापलेल्या काळ्या लॅटरलमध्ये (झाडांच्या ओळीतली ठिबकची नळी) किंवा ड्रिपरच्या तोंडाशी कार्बन डायऑक्साइड उडून जातो, चुना परत चुना होतो आणि तोंडावर पांढरी टोपी घालतो. चहाच्या भगोन्याच्या तळाला हाच थर असतो. वर उरलेलं पाणी वाळलं की राहिलेले क्षारही तिथंच. लोणारचं सरोवर खारं होत गेलं ते असंच. पाणी येतं, बाहेर जायला वाट नाही, ऊन पाणी नेतं आणि क्षार ठेवतं. तुमचा बंद ड्रिपर म्हणजे चण्याएवढं लोणार समजा.

पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातल्या, म्हणजे अकोला, दर्यापूरकडच्या शेतकऱ्यांनी हे वाचलं तर एक लक्षात ठेवावं, तिथली अडचण मुख्यतः सोडियमची आहे. सोडियमचे बहुतेक क्षार भरपूर विरघळतात, म्हणून ड्रिपर कमी चोंदतो, पण माती मात्र बिघडते. तो वेगळा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही.

साफ पाण्यावर विश्वास टाकू नका, हे सांगताना मला यवतमाळची आठवण येते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड विरघळलेलं आहे. रंग नाही, वास नाही, चवही नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत. त्यावर गेलं की पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे हाडं आखडतात. फडक्याने गाळून, उकळून ते जात नाही. उकळल्याने तर पाणी कमी होतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं. विरघळलेली वस्तू फडक्यात अडकत नाही, ही विरघळण्याची सगळ्यात सोपी ओळख आणि सगळ्यात मोठी धोक्याची बाजू.

दुसरी ओळख मोबाइलच्या टॉर्चची. काचेच्या पांढऱ्या बाटलीत द्रावण घ्या, अंधारात बाजूने टॉर्च मारा. खरं द्रावण असेल तर पाण्यात प्रकाशाची वाट दिसत नाही. दिसली, म्हणजे आत कण तरंगत आहेत. पावसाळ्यातलं नाल्याचं पाणी असंच असतं, काळ्या मातीचे कण इतके बारीक की रात्रभर ठेवलं तरी बसत नाहीत. त्यात तुरटी फिरवली की तुरटी विरघळून तिच्यातल्या ॲल्युमिनियमचे चिकट पुंजके होतात आणि मातीला घेऊन तळाला जातात. म्हणजे आपल्या आज्या रोज माठाशी विरघळवणं आणि साका बसवणं दोन्ही करत होत्या.

फवारणीच्या पंपातही हाच घोळ आहे. आपण सगळ्यालाच "औषध विरघळवलं" म्हणतो. पण डब्यावर ईसी लिहिलेलं असेल तर ते पाण्यात पडताच दूध होतं, तेलाचे बारीक थेंब तरंगतात. डब्ल्यूपी म्हणजे भुकटी, ती नुसती पाण्यात लोंबकळते आणि पंप खाली ठेवला की तळाला बसते. एसएल खरोखर विरघळतं. म्हणून डब्ल्यूपी टाकलेला पंप मध्येच ठेवून बिडी ओढायला बसलात तर एका ओळीला पाणी आणि दुसऱ्या ओळीला जहर, असं होतं. आणि हाताने ढवळू नका. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने जे मृत्यू झाले ते विसरण्यासारखे नाहीत. लाकडी काडी घ्या, हातमोजे घाला.

एक ठिकाण असं आहे जिथे आपल्याला गाळ हवाच असतो. बोर्डो मिश्रण. डिंक्यासाठी, म्हणजे संत्र्याच्या खोडातून डिंक गळतो त्या रोगासाठी आपण ते वापरतो, एक टक्क्याला 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. मोरचूद पाण्यात पूर्ण विरघळतं, आणि तसंच झाडावर मारलं तर पानं जाळतं. चुन्यामुळे त्यातलं तांबं निळ्या, न विरघळणाऱ्या बारीक गाळात बदलतं. तो गाळ पानाला, खोडाला चिकटून राहतो, पावसाने लगेच धुपत नाही आणि थोडं थोडं तांबं सोडत बुरशीला मारतो. 1885 च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्दो भागात द्राक्षांवर हे सुरू झालं, नाव तिथलंच. चुना भिजवताना पाणी उकळतं, ते विरघळण्यामुळे नव्हे. तिथे कळीचा चुना पाण्याशी क्रिया करून नवीन वस्तू होतो. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत करा, गार होऊ द्या, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या दुधाळ पाण्यात ढवळत ओता. उलटं नको. लोखंडी विळा मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस रंग चढला तर मोकळं तांबं उरलं आहे, थोडं चुन्याचं दुधाळ पाणी वाढवा. लोखंडी टाकीत कधी करू नका, टाकी खराब होईल आणि औषधही. त्याच दिवशी संपवा, शिळं बोर्डो जाड होऊन बसतं.

आता तुमच्या कामाचं.

कॅल्शियम नायट्रेट एकटं द्यायचं, वेगळ्या दिवशी. फॉस्फेट आणि सल्फेटवाली खतं वेगळ्या पाळीत. मध्ये अर्धा तास नुसतं पाणी सोडा, नळीत मागचा माल राहिला तर दही नळीत लागेल. कुठलीही नवी जोडी ड्रममध्ये टाकायच्या आधी बाटलीत करून बघा. पाणी तुमच्याच बोअरचं घ्या, बिसलेरीचं नको. खतं ड्रममधल्याच प्रमाणात टाकून हलवा आणि तासभर ठेवा. गढूळ झालं, गरम झालं, तळाला बसलं, तर जोडी मोडा. माझ्या दुकानात काउंटरखाली अशा बाटल्यांची रांगच असायची. गिऱ्हाईक हसायचे, पण बाटली उजेडात धरून बघायचेही.

बंद ड्रिपरना ॲसिड द्यावं लागेल. कॅल्शियम फॉस्फेट आणि चुना दोन्ही आंबटात विरघळतात. आधी एक ड्रिपर काढून त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर चुना. बुडबुडे नाहीत पण थर मऊ पडून सुटला तर फॉस्फेट. काहीच झालं नाही तर जिप्सम असण्याची शक्यता आहे, त्याला ॲसिडही फारसं मानवत नाही, ते ड्रिपर बदललेलेच बरे. ॲसिडची मात्रा तुमच्या पाण्याचा सामू (पीएच) तपासून ठरवावी लागते, म्हणून लिटरचा आकडा इथे देत नाही. बोअरचं पाणी बाटलीत घेऊन माती-पाणी परीक्षणाला पाठवा. पण एवढं पक्कं: ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. दुसऱ्या रीतीने ते उकळून तोंडावर उडतं. मग लॅटरलची टोकं उघडून धुवून काढा, सबमेनपासून, म्हणजे लॅटरलना पाणी देणाऱ्या जाड नळीपासून सुरुवात करा.

ड्रममध्ये जे दही उरलं असेल ते फेकू नका. गोणपाटातून गाळा. वरचं साफ पाणी म्हणजे तुमचं नत्र बहुतेक तसंच आहे, ते चांगलं पातळ करून बादलीने झाडांना घाला. फडक्यात राहिलेला पांढरा गाळ शेणखताच्या खड्ड्यात टाका. आपल्या चुनखडीच्या जमिनीत तो झाडाला सहजी मिळणार नाही, पण खड्ड्यात कुजताना जो आंबटपणा तयार होतो त्याने थोडा तरी सुटेल. मृगाच्या बहारासाठी खत भराल तेव्हा आपोआप जाईल.